हरवलेल्या उपनगराला धप्पा

कुर्ल्याहून कालिन्याकडे निघालेल्या नवख्या माणसाला एक पाटी हमखास बुचकळ्यात टाकते : 'सीएसटी रोड'. बोरीबंदरचं स्टेशन इथून कितीतरी दूर, आणि हा रस्ता त्या दिशेला फिरकतही नाही. मग हे नाव आलं कुठून? रिक्षावाल्याला विचारावं तर 'पहिल्यापासून हेच आहे' असं उत्तर मिळतं, आणि ते बरोबरच असतं. बोरीबंदरच्या व्हीटीचं सीएसटी झालं 1996 मध्ये. हा रस्ता त्याच्या बराच आधीपासून सीएसटीच आहे. सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे.

साल्सेट म्हणजे आपली साष्टी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी उपनगरं ज्या बेटावर उभी आहेत ते बेट. 1928 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं या बेटावर ट्रॉम्बे ते अंधेरी अशी सुमारे 13 किलोमीटरची आडवी गाडी सुरू केली. ती जेमतेम सहा वर्षं धावली आणि 1934 मध्ये बंद पडली. पुढे त्या भागात विमानतळ पसरला. रूळ गेले, स्टेशनं गेली. उपनगरांच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाणारी गाडी पुन्हा यायला 8 जून 2014 उजाडावा लागला. त्या दिवशी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. मधल्या 80 वर्षांत त्या जुन्या गाडीचं एकच स्मारक उरलं होतं : तीन अक्षरं, आणि तीही लोक चुकीची वाचतात.

अशा हरवलेल्या खुणा शोधायला निघायचं तर एक खेळ फार उपयोगी पडेल. त्याचं नाव जिओकॅशिंग. लपाछपी आणि गॅदरिंगमधला खजिन्याचा शोध यांची सांगड उपग्रहाशी घातली की जे होईल, ते हे.

या खेळाचा जन्म तारखेनिशी सांगता येतो. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचा संकेत सामान्य माणसांना मिळायचा तो मुद्दाम धूसर केलेला. चूक शंभर मीटरपर्यंत जायची. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानं हा धूसरपणा मे 2000 च्या सुरुवातीला एका रात्रीत काढून टाकण्यात आला. लगेच 3 मे रोजी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा अशा फुटकळ वस्तू होत्या. नियम एकच : एखादी वस्तू घ्या, एखादी ठेवा आणि वहीत नोंद करा. माइक टीग यानं ती बादली सर्वांत आधी शोधून काढली. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक डब्या लपवलेल्या आहेत.

खेळायला फार काही लागत नाही. अ‍ॅपवर जागेचे आकडे मिळतात. अंधेरी स्टेशन साधारण 19.12 अंश उत्तर आणि 72.85 अंश पूर्व या ठिकाणी आहे. पण खेळाडूंना एवढ्यावर भागत नाही. ते अंशाचं मिनिट करतात आणि मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. हा हजारावा भाग जमिनीवर दोन मीटरहूनही कमी भरतो. फोन मात्र एवढा नेमका नसतो. मोकळ्या मैदानात तो चार-पाच मीटरच्या आत नेतो, आणि दोन टॉवरच्या मध्ये उभं राहिलं की संकेत भिंतींवर आपटून निळा ठिपका समोरच्या सोसायटीत जाऊन बसतो. म्हणून शेवटचे काही मीटर डोळ्यांनीच शोधावं लागतं. प्रत्येक डबीला अडचणीसाठी आणि चालीसाठी एक ते पाच तारे दिलेले असतात. दोन डब्यांमध्ये किमान 161 मीटर अंतर हवं. जागामालकाची परवानगी हवी. खाऊ ठेवायचा नाही. शिवाय, ज्यांना या खेळाची गंधवार्ता नाही अशा लोकांच्या, खेळाडूंच्या भाषेत 'मगल' मंडळींच्या, नजरेत न येता सगळं उरकायचं.

इथेच मुंबईत गाडी अडते. ज्या शहरात मगल नाहीत अशी चौरस मीटरभर जागा मिळत नाही, तिथे झाडाच्या ढोलीत हात घालणारा माणूस किती वेळ एकटा राहील? पाच मिनिटांत चौघे जमतात, 'काय पडलंय का?' म्हणून विचारतात, आणि पाचवा स्वतःच शोधायला लागतो.

याहून गंभीर अडचण वेगळी आहे. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही घोषणा इथल्या माणसाच्या अंगवळणी पडली आहे आणि त्याला कारण आहे. डिसेंबर 2002 मध्ये घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, मार्च 2003 मध्ये मुलुंडला लोकलमध्ये, आणि 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांमध्ये. अशा ठिकाणी पुलाच्या कठड्याखाली चुंबकानं चिकटवलेली डबी ठेवणं हा खेळ राहत नाही. तिकडे इंग्लंडमध्येही 2011 साली वेदरबी नावाच्या गावात हॉटेलाबाहेर ठेवलेली अशीच एक डबी संशयावरून बॉम्बशोधक पथकानं उडवून दिली होती. मुंबईत डबी लपवू नये, हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

सुदैवानं खेळातच याची सोय आहे. काही ठिकाणी डबी नसतेच. जागेवर जाऊन एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं. पायऱ्या किती, पाटीवर साल कोणतं, खांबावर काय कोरलंय, असले प्रश्न. याला आभासी कॅश म्हणतात. दगड-डोंगर वाचायला लावणारा 'अर्थकॅश' नावाचा प्रकारही आहे. उपनगरांना हेच साजेल, कारण इथली गंमत उलटी आहे. जगभर खेळाडूंकडे जागेचा आकडा असतो आणि वस्तू लपलेली असते. इथे वस्तूच नाहीशी झाली आहे. लपून राहिलंय ते नाव. बसथांब्यावर, मेट्रोच्या नकाशावर आणि शेअर रिक्षावाल्याच्या तोंडात. इथला रिक्षावाला अक्षांश विचारत नाही. 'श्रेयस', 'चेकनाका', 'सात बंगला' एवढ्यावर तो नेमकं नेऊन सोडतो.

तर समजा, मुलुंडच्या एखाद्या सोसायटीतली सहा-सात पोरं आणि त्यांच्याबरोबर उत्साहानं निघालेले एक निवृत्त आजोबा, अशी टोळी रविवारी बाहेर पडली. काय काय सापडेल?

पहिला मुक्काम घराजवळच : मुलुंड चेकनाका. मुंबईत येणारा माल इथे थांबायचा, जकात भरायचा आणि मगच आत शिरायचा. ट्रकच्या रांगा, हातात कागद घेऊन धावणारे दलाल, रात्रभर जागे असणारे चहावाले, असं एक वेगळंच गाव तिथे नांदत होतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात एका रात्रीत संपली. शहराच्या वेशीवरचे सगळेच जकात नाके त्या रात्री बिनकामाचे झाले. पण ठाण्याहून येणाऱ्याला आजही चेकनाक्यालाच उतरायचं असतं. आजोबांनी पोरांना जकात म्हणजे काय हे सांगायला घेतलं की टोळीचा पहिला अर्धा तास तिथेच जाणार.

मुलुंड पूर्वेला मिठागर रोड आहे. मुलुंड, भांडुप, कांजूर, घाटकोपर या पट्ट्यात खाडीच्या कडेनं मिठागरं पसरली होती. काहींचे अवशेष महामार्गावरून अजून दिसतात, आणि त्या जमिनींचं काय करायचं हा वाद अधूनमधून पेटतो. इकडे मिठागर रोड, तर तिकडे पश्चिमेला मालाडच्या बाजूला मीठ चौकी. मेट्रोच्या 2अ मार्गावरच्या एका स्टेशनचं अधिकृत नावच 'वळणई-मीठ चौकी' असं आहे. मिठावर कर होता, तो चुकवून माल जाऊ नये म्हणून चौक्या होत्या. त्याच कराविरुद्ध 1930 च्या एप्रिलमध्ये विलेपार्ल्यात सत्याग्रहाची छावणी पडली, जमनालाल बजाज तिचं नेतृत्व करत होते. बेटाच्या एका कडेला मीठ पिकत होतं, दुसऱ्या कडेला त्यावर पहारा होता आणि मधल्या पार्ल्यात कायदा मोडला जात होता. हे तीन बिंदू नकाशावर जोडून बघायला कुणालाही आवडेल.

पार्ल्याचं नाव निघालं की आणखी एक खूण आठवते, पण तिला आकडा कुठून द्यायचा? तो वास होता. पार्ले कंपनीचा विलेपार्ले पूर्वेतला कारखाना 1929 साली उभा राहिला. गावाचं नाव कंपनीनं घेतलं आणि देशभरच्या बिस्किटांवर छापलं. लोकलमध्ये डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसालाही भट्टीतल्या बिस्किटांच्या वासावरून पार्लं आल्याचं कळे. 2016 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. इमारत गेली की निदान फोटो राहतो. वासाचं तेवढंही नाही. टोळीतल्या आजोबांना विचारावं, बस.

चित्रपटगृहांची गत त्यामानानं बरी. घाटकोपरला 'ओडियन'च्या जागी मॉल आला, पण त्यानं निदान नाव पुढे चालवलं. गोरेगावचं 'टोपीवाला'ही तसंच. अंधेरीकडे सात बंगल्यांतले बहुतेक बंगले पडले, टॉवर आले, तरी बसची पाटी बदलली नाही. एकेकाळी तिथल्या वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, किनाऱ्याला हवापालटासाठी श्रीमंतांनी घरं बांधली होती. दादाभाई नौरोजी उतारवयात वेसाव्यालाच राहत होते. आज तिथल्या कॅफेत बसलेल्या होतकरू नटाला 'सात कोणते?' म्हणून विचारून पाहावं.

नटांवरून मालाड. स्टेशनच्या पश्चिमेला लहानलहान गाळ्यांची एक औद्योगिक वसाहत आहे. लोखंड कापण्याचे आवाज, टेम्पो, अरुंद बोळ. तिचं नाव 'बॉम्बे टॉकीज कंपाउंड'. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी 1934 साली उभारलेली कंपनी ती हीच. जर्मनीहून यंत्रसामग्री आली, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योझेफ विर्शिंग आले. 'अछूत कन्या' 1936 चा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अशोककुमारला इथेच नायक केलं गेलं; लीला चिटणीस 'कंगन'मधून इथेच देशभर पोहोचल्या; दिलीपकुमारचा पहिला चित्रपट 'ज्वार भाटा' 1944 मध्ये इथूनच निघाला. 1943 चा 'किस्मत' कलकत्त्याच्या एकाच चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन तंत्रज्ञांना सरकारनं स्थानबद्ध केलं, 1940 मध्ये हिमांशू राय वारले, मंडळी फुटली. त्यातलेच काही 1943 मध्ये गोरेगावला गेले आणि त्यांनी 'फिल्मिस्तान' काढला. बॉम्बे टॉकीज पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर बंद पडली.

हिंदी सिनेमाच्या इतिहासात ज्या जागेचं नाव पहिल्या पानावर येतं, तिची आज ही अवस्था आहे. खेळाच्या हिशेबानं मात्र ही जागा फारच उत्तम. प्रश्न काय विचारावा? 'कंपाउंडमधल्या तीन गाळेवाल्यांना विचारा, हे नाव कशावरून पडलं, आणि मिळालेली तिन्ही उत्तरं लिहून आणा.'

सगळ्यांत अवघड डबी अंधेरी पूर्वेला. मरोळजवळ सीप्झ आहे. निर्यातीचा हा बंदिस्त इलाखा 1973 मध्ये सुरू झाला. नावातला 'एस' सांताक्रूझचा, ठिकाण अंधेरी, हाही एक गोंधळच. त्याच्या कुंपणाआड सेंट जॉन द बॅप्टिस्ट या चर्चचे अवशेष उभे आहेत. पोर्तुगीज अमलात जेझुइट पाद्र्यांनी ते 1579 मध्ये बांधलं. 1840 च्या सुमारास साथ आली, लोकांनी गाव सोडलं, चर्च ओस पडलं आणि मरोळच्या दुसऱ्या बाजूला नवं चर्च झालं. जुन्याचं छप्पर गेलं, भिंतींवर झाडं आली. मग जमीन उद्योगांसाठी घेतली गेली आणि साडेचारशे वर्षांची वास्तू हिऱ्यांचे दागिने आणि संगणकाच्या कंपन्यांमध्ये अडकली. मूळ गावकरी वर्षातून एकदा तिथे प्रार्थनेला जमतात. एरवी पासाशिवाय फाटकातून आत जाता येत नाही. फोन दाखवील की आपण चर्चपासून हाकेच्या अंतरावर आहोत. पहारेकरी दाखवील की आपण बाहेर आहोत. ताऱ्यांत मोजायचं तर चाल एक, अडचण पाच.

अंधेरीच्या पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे, तो मात्र हरवलेला नाही, फक्त आक्रसला आहे. काळ्या बसाल्टचा हा सुमारे 61 मीटर उंच सुळका साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. लाव्हा थिजताना त्याचे उभे खांब झाले, तसे जगात इतरही काही ठिकाणी दिसतात. अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. तिकडे राष्ट्रीय स्मारक, पर्यटक, पोस्टर. इकडे आजूबाजूला खाणकाम होऊन डोंगर कापत कापत एवढाच राहिला, आणि आता तो इमारतींच्या मधून शोधून काढावा लागतो. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. कापलेल्या उभ्या कड्याखाली उभं राहून मान वर केली की दगडाच्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. अर्थकॅश कसा असावा याचा हा नमुना.

आता नदी.

नदीकाठचं शहर म्हटलं की आपल्याला नाशिक आठवतं, वाई आठवते, पंढरपूर आठवतं. मुंबईला त्या यादीत कुणी बसवत नाही. तिचा तो समुद्र. पण उपनगरांना एक सोडून चार नद्या आहेत : मिठी, दहिसर, पोयसर आणि ओशिवरा. चारही पूर्वेच्या डोंगरातून निघतात आणि पश्चिमेच्या खाड्यांना मिळतात. यातलं ओशिवरा आज मेट्रोच्या स्टेशनाचं नाव म्हणून ओळखीचं आहे. पुलाखाली वाहतं त्याला लोक नाला म्हणतात.

मिठीची गोष्ट तर जगजाहीर आहे आणि तरी पुरती कुणाला ठाऊक नाही. तिच्या उगमाकडचं पाणी अडवून 1860 मध्ये विहार तलाव झाला. मुंबईला नळाचं पाणी मिळालं ते त्यातून. 1891 मध्ये पवई झाला. या तलावांचं सांडपाणी म्हणजे पावसाळ्यात सांडव्यावरून पडणारं पाणी, गटाराचं नव्हे, हीच पुढे मिठी. जवळपास 18 किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळ लागला तेव्हा विमानतळ वळला नाही, नदी वळवली गेली. काटकोनात, एकाहून अधिक वेळा. आणि एका जागी ती धावपट्टीच्या खालून जाते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि नदीनं आपली जुनी वाट कुणाला न विचारता परत घेतली. कित्येक मुंबईकरांना आपल्या शहरात नदी आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बोरिवलीची नदी तेवढी कुप्रसिद्ध नाही, पण शोधायला जास्त सुंदर आहे. दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावापाशी उगम पावते आणि श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण असं करत सुमारे 12 किलोमीटरवर खाडीला मिळते. उद्यानात असताना तिचा तळ दिसतो. बाहेर पडल्यावर काही किलोमीटरमध्येच तिचं काय होतं ते पुलावरून नाक धरून बघावं लागतं.

टोळीनं तिच्या काठानं चालावं आणि मग मंडपेश्वरला जावं. दीड हजार वर्षांपूर्वीची ही शैव लेणी. आतला नटराज झिजला असला तरी नाचतोय हे कळतं. पोर्तुगीज आले तेव्हा फादर अंतोनिओ दो पोर्तो यांनी इथे मठ आणि चर्च उभं केलं. लेणीच चर्चचा भाग झाली. 1739 च्या सुमारास मराठ्यांनी साष्टी घेतली आणि लेणी पुन्हा पूजेला लागली. वर मठाच्या पडक्या भिंती, खाली महादेव, असं दोन मजली इतिहासाचं दुर्मीळ उदाहरण. शेजारची आयसी कॉलनी म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शन या चर्चवरून पडलेलं नाव. हे सगळं गाइड सांगतात. ते सांगत नाहीत ती गोष्ट अशी की ही लेणी मुळात नदीकाठी खोदलेली होती. नदीनं नंतर पात्र बदललं आणि ती दूर गेली. काठ हरवला म्हणून लेणी एका रस्त्याच्या वळणावर, रिक्षास्टँडशेजारी असल्यासारखी पोरकी वाटतात. इथे प्रश्न विचारायचा तर एकच : नदी कुठून वाहत असेल? आजूबाजूच्या जमिनीचा उतार पाहून पोरांनी हात करून दाखवावा.

जवळच एकसर. तिथले वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा; त्यांवर वल्ह्यांच्या नौकांचं युद्ध कोरलंय. शिलाहार घराण्याच्या शेवटच्या राजाच्या, सोमेश्वराच्या, पराभवाशी काही अभ्यासक ते जोडतात. महाराष्ट्रात वीरगळ गावोगावी आहेत, आरमारी लढाई दाखवणारे अगदी मोजके. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पाहिलेत? एकसर नावाचं मेट्रो स्टेशन झालं, तरी पाटीवर त्यांचा उल्लेख येण्याइतका त्यांचा बोलबाला नाही.

असा शोध कुणी घेतलाच नाही, असं मात्र नव्हे. 2015 च्या सुमारास मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागानं साष्टीत पुरातत्त्वीय शोधमोहीम हाती घेतली. कुरुष दलाल यांच्या नेतृत्वाखाली विद्यार्थी आणि हौशी कार्यकर्ते गावठाणं, पाडे, देवळं आणि चर्चं पायी धुंडाळत फिरले. उपग्रहाचा आकडा त्यांनीही घेतला, पण सापडल्यावर. आधी होती ती विचारपूस. शेंदूर फासून ग्रामदेवता म्हणून पुजला जाणारा दगड नीट पाहिला की तो एखाद्या जुन्या देवळाचा तुकडा किंवा वीरगळ निघतो. कधी गधेगळ निघतो : वर चंद्र-सूर्य, खाली गाढवाचं शिल्प, आणि दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. असले दगड लोक घाबरून हलवत नाहीत, त्यामुळे हजार वर्षांनी ते जागच्या जागी मिळतात. हजार वर्षं टिकलेली याहून चांगली लपवलेली डबी कुणी दाखवून द्यावी.

आणि हरवणं थांबलेलं नाही. सांताक्रूझच्या एस. व्ही. रोडवरची जुनी गोरखचिंच 2022 मध्ये मेट्रोच्या कामासाठी तोडली गेली. बॉम्बे टॉकीजचं धाकटं भावंड 'फिल्मिस्तान' 2025 मध्ये बांधकाम व्यावसायिकाकडे गेलं. पुनर्विकासाच्या रेट्यात चाळी, बैठे बंगले, कोपऱ्यावरची इराणी हॉटेलं एकेक करून जाताहेत. म्हणून शाळांनी, वाचनालयांनी, गणेशोत्सव मंडळांनी हा खेळ आत्ताच सुरू करावा. खर्च शून्य. फुकट मिळणाऱ्या नकाशाच्या अ‍ॅपवर खुणा टाकायच्या, प्रत्येक खुणेला एक प्रश्न जोडायचा, आणि उत्तरासोबत जुन्या रहिवाशाच्या दोन ओळी नोंदवून ठेवायच्या. मुलुंडच्या पाच रस्त्यावर, घाटकोपरच्या बाजारात, अंधेरीच्या आंबोलीत अशी माणसं अजून भेटतात. पुढच्या दहा वर्षांत ती भेटतीलच असं नाही.

सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न पडला असेल तर कपाट उघडा. घराच्या कागदपत्रांत नोंदणी कार्यालयानं दिलेली सूची क्रमांक दोन असते. तिच्या वरच्या बाजूला 'गावाचे नाव' असा रकाना आहे. तिथे बाराव्या मजल्यावरच्या अंधेरीकराला कोंडिविटे, मरोळ किंवा गुंदवली सापडेल, बोरिवलीकराला एकसर किंवा मागाठाणे, घाटकोपरकराला किरोळ, मुलुंडकराला कदाचित नाहूर. ते गाव अजून कुठेतरी तुमच्या इमारतीच्या मागेच असेल. येत्या रविवारी तिथे जा आणि गावदेवीचं देऊळ कुठे आहे, एवढंच विचारा.